तालीम तरुणांची, कारभार कोणाचा? सीमाभागातील युवा रंगभूमी

मराठी रंगभूमीला तरुण माणसांची वानवा कधी पडली नाही. वानवा पडली ती तरुणांच्या हाती कारभार सोपवणाऱ्या संस्थांची. कारभार हा शब्द येथे व्यापक अर्थाने घेतला आहे. कोणती संहिता, म्हणजे प्रयोगासाठी सिद्ध केलेला नाटकाचा लिखित पाठ, निवडायची, तिच्यात काटछाट कोणी करायची, तालमीला जागा कोणती आणि वेळ कोणती, वर्गणी किती काढायची, तिकीट लावायचे की प्रयोग खुला ठेवायचा, आणि गणित फसले तर उरलेले देणे कोणी फेडायचे, या सर्व निर्णयांचा त्यात समावेश होतो. ज्या मंडळात रंगमंचावर सगळी विशीतली मुले दिसतात, परंतु हे निर्णय मात्र साठी उलटलेली चार माणसे घेतात, त्या मंडळाला तरुणांची संस्था म्हणणे हे केवळ सौजन्य होय. बेळगाव, खानापूर आणि निपाणी या पट्ट्यातील मराठी रंगभूमीची आजची स्थिती पाहताना हा भेद लक्षात ठेवावा लागतो, कारण या पट्ट्यात हौस भरपूर आहे, गळा आहे, उत्सव आहेत, प्रेक्षकही आहे. अडते ते कारभारापाशी.

ही अडचण मूळची या भूमीची नव्हे. विष्णुदास भावे यांनी 1843 साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले तेव्हा ते विशीतले होते, आणि त्यांना ती प्रेरणा कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांवरून मिळाली. ‘शाकुंतल’ 1880 साली पुण्यात रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यांनी काही काळ बेळगावात शिक्षकी केली आणि पुढे ‘शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल त्यांना तेथेच भेटले. याहून बोलके उदाहरण केशवराव भोसले यांचे आहे. 1890 मध्ये कोल्हापुरात जन्मलेल्या या नटाने बालवयातच दुसऱ्याच्या कंपनीत शारदेची भूमिका करून नाव कमावले होते, आणि 1 जानेवारी 1908 रोजी त्याने हुबळीत ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची मंडळी काढली तेव्हा त्याला अठरावे वर्ष चालू होते. कानडी मुलखातील शहरात, कोवळ्या वयाच्या मराठी नटाने काढलेली ही संस्था पुढे मराठी रंगभूमीच्या अग्रभागी राहिली. दीनानाथ मंगेशकर यांनी चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह 1918 साली ‘बळवंत संगीत मंडळी’ उभी केली तेव्हा तेही सतरा-अठरा वर्षांचेच होते.

या उदाहरणांकडे केवळ असामान्य प्रतिभेचे चमत्कार म्हणून पाहण्याची सवय मराठी नाट्यसमीक्षेला आहे, आणि ती सवय दिशाभूल करणारी आहे. प्रतिभेइतकीच येथे एक व्यवस्था काम करत होती. नाटक मंडळीत मुलगा दहा-बारा वर्षांचा असताना येई, बिऱ्हाडात राही, गाणे शिके, पडदे ओढी, मुक्काम हलवताना सामान मोजी आणि रात्रीचा गल्ला किती झाला हेही ऐके. सतराव्या वर्षी त्याच्यापाशी संस्थेच्या व्यवहाराचे सहा-सात वर्षांचे शिक्षण असे. शिवाय मंडळीची रचना बहुधा भागीदारीची असल्यामुळे, गुणी नटाला मालकाशी पटले नाही तर बाहेर पडून नवा डाव मांडण्याची वाट खुली असे; 1913 साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून ‘गंधर्व नाटक मंडळी’ काढली ती याच वाटेने. अर्थात त्या मंडळीवर पुढे साचलेले कर्जाचे डोंगरही विसरता येत नाहीत. तरुण कलावंताच्या हाती संस्था आली म्हणून हिशेब आपोआप जमत नाहीत. मात्र एवढे खरे की त्या काळी तरुणाला चूक करण्याइतका अधिकार होता, आणि आजच्या हौशी मंडळांत नेमका तोच त्याला मिळत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात व्यावसायिक मंडळींची जागा हौशी व प्रायोगिक संस्थांनी घेतली आणि कार्यकारिणी, घटना, अध्यक्ष, चिटणीस असा नवा साचा आला. या साच्यात पिढ्यांचा संघर्ष कसा उभा राहतो याचे ठळक उदाहरण पुण्यात सापडते. भालबा केळकर यांच्या पुढाकाराने 1951 साली स्थापन झालेल्या ‘प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन’ने 16 डिसेंबर 1972 रोजी विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ सादर केले. एकोणीस प्रयोगांनंतर ज्येष्ठांनी ते थांबवले. तेव्हा विशी-तिशीत असलेले जब्बार पटेल, मोहन आगाशे, सतीश आळेकर आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले, त्यांनी 1973 मध्ये ‘थिएटर अकॅडमी’ स्थापन केली आणि जानेवारी 1974 पासून ते नाटक पुन्हा उभे केले. वाद एका नाटकाच्या आशयावरून झाला हे खरे असले, तरी संस्थेच्या दृष्टीने त्याचे मर्म वेगळे आहे: ज्यांनी नाटक बसवले त्यांनाच ते चालू ठेवण्याचा अधिकार नव्हता, आणि तो मिळवण्यासाठी त्यांना दुसरी संस्था काढावी लागली. पुण्यासारख्या शहरात दुसरी संस्था काढता येते. चार-पाच हजार वस्तीच्या गावात एका मंडळातून फुटून दुसरे काढणे म्हणजे अर्ध्या गावाशी बोलणे बंद करणे, आणि म्हणून तेथे तरुण फुटत नाहीत. ते गप्प बसतात किंवा नोकरीसाठी पुण्या-कोल्हापुराकडे निघून जातात.

तरुणांना वाव देणारी मराठीतील सर्वांत यशस्वी यंत्रणा म्हणून एकांकिका स्पर्धांकडे बोट दाखवले जाते. ‘महाराष्ट्रीय कलोपासक’ या पुण्याच्या संस्थेने 1963 साली सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडकाने महाविद्यालयीन मुलांना लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय यांची शिस्त लावली, तांत्रिक झगमगाटापेक्षा या तीन अंगांना महत्त्व दिले, आणि मराठी रंगभूमीच्या कित्येक नामवंतांची पहिली ओळख तेथेच घडली. 2008 मध्ये पुण्यात उभी राहिलेली ‘नाटक कंपनी’ ही अशाच स्पर्धांतून एकत्र आलेल्या मुलांची संस्था होय. तरीही स्पर्धेची मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. स्पर्धा दिग्दर्शक घडवते, व्यवस्थापक घडवत नाही. तिची तारीख, वेळमर्यादा, नाट्यगृह आणि परीक्षक हे सगळे दुसऱ्याने ठरवलेले असते, आणि निकालानंतरच्या घोषणा विरल्या की त्या एकांकिकेचे आयुष्य बहुधा संपते. 2022 साली एकही एकांकिका योग्यतेची न वाटल्याने परीक्षकांनी पुरुषोत्तम करंडक कोणालाच दिला नाही, तेव्हा चर्चा झाली ती बव्हंशी मुलांच्या दर्जाची. जी मुले वर्षभर केवळ परीक्षकांच्या पसंतीसाठी नाटक बसवतात, त्यांना स्वतःचा प्रेक्षक शोधण्याची गरज कधी पडते, हा प्रश्न त्या चर्चेत मागेच राहिला.

सीमाभागात या प्रश्नावर आणखी एक ओझे येऊन पडते. 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर बेळगाव व भोवतालचा मराठी मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि तेव्हापासून येथील प्रत्येक मराठी सांस्कृतिक उपक्रमाला भाषा टिकवण्याचे कर्तव्य चिकटले. या कर्तव्याने मोठी कामेही करून घेतली. बेळगाव तालुक्यातील कडोलीसारख्या शेतकरी गावात मराठी साहित्य संघाच्या वतीने दरवर्षी साहित्य संमेलन भरते. उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी आणि निपाणीकडील कारदगा येथेही अशी संमेलने रुजली. ग्रंथदिंडी, परिसंवाद, कथाकथन आणि कविसंमेलन यांचा हा सोहळा गावकरी स्वतःच्या बळावर पार पाडतात, ही महाराष्ट्रातील अनेक सधन तालुक्यांनाही न साधलेली गोष्ट आहे. फेब्रुवारी 2015 मध्ये बेळगावात अभिनेत्री फैयाज यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनही झाले.

परंतु भाषारक्षणाच्या या चौकटीत तरुणाकडे वारसदार म्हणून पाहिले जाते, कर्ता म्हणून नव्हे. त्याने दिंडीत लेझीम खेळावी, स्वयंसेवकाचा बिल्ला लावावा, शिवचरित्रातील प्रसंग सादर करावा, अशी अपेक्षा असते आणि तो ती आनंदाने पुरी करतो. मात्र त्याचे स्वतःचे जगणे, म्हणजे घरी मराठी, बाजारात कानडी, महाविद्यालयात इंग्रजी आणि भ्रमणध्वनीवर हिंदी असे चार भाषांत वाटलेले जगणे, संहितेत यावे असे त्याला वाटले तर अडखळायला होते. कारण कानडी संवाद असलेले मराठी नाटक मराठीच्या मंचावर चालेल का, ही शंका कार्यकारिणीतील वडीलधाऱ्यांच्या मनात उभी राहते. ही शंका समजण्यासारखी आहे, कारण तिच्यामागे सहा दशकांहून अधिक काळाच्या झगड्याचा अनुभव आहे. कलेच्या दृष्टीने मात्र ती घातक आहे. ज्या रंगभूमीची पहिली ठिणगी कानडी खेळांवरून पडली आणि जिच्या संगीत नाटकाचा जनक गुर्लहोसूरचा, तिला शेजारच्या भाषेचे भय वाटण्याचे कारण नाही. या जिल्ह्यातच ‘श्रीकृष्ण पारिजात’ या कानडी लोकनाट्याची परंपरा आहे, आणि सौंदत्तीजवळच्या एणगी गावचे एणगी बाळप्पा यांनी दीर्घ काळ कानडी नाटक कंपनी चालवली. दोन्ही भाषा ज्यांच्या जिभेवर आहेत अशी पिढी आज तरुणांची आहे. त्यामुळे सीमाभागाचे खास नाटक लिहिले गेलेच तर ते तेच लिहू शकतील.

कर्नाटकातच याचा एक नमुना उभा आहे, आणि तो अभ्यासण्यात मराठी संस्थांना कमीपणा वाटू नये. शिवमोग्गा जिल्ह्यातील सागर तालुक्यात हेग्गोडू नावाचे सुपारी पिकवणारे खेडे आहे. तेथे 1949 साली काही तरुणांनी ‘नीनासम’ ही संस्था काढली. तिचे पुढे सूत्रधार झालेले के. व्ही. सुब्बण्णा तेव्हा पुरते अठरा वर्षांचेही नव्हते. वाचन, नाटक, ग्रंथप्रकाशन आणि चित्रपट मंडळ असा विस्तार करीत या संस्थेने 1980 मध्ये नाट्यशिक्षणाची शाळा आणि 1985 मध्ये ‘तिरुगाट’ हे गावोगाव फिरणारे नाट्यपथक सुरू केले. कडोलीच्या दृष्टीने यातील महत्त्वाचा धडा आकाराचा नाही. साहित्य आणि नाटक ही दोन खाती तेथे वेगळी पडली नाहीत, आणि शिकून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वर्षभराचे काम संस्थेनेच निर्माण केले. कडोलीपाशी यातला साहित्याचा अर्धा भाग कधीचाच तयार आहे.

मराठीतही अशा रचनेचे प्रयत्न झाले आहेत. ‘थिएटर अकॅडमी’ने 1985 ते 1994 या काळात नाटककारांच्या विकासाची आणि महाराष्ट्राच्या विविध भागांतील नाट्यगटांच्या बांधणीची योजना राबवली; मोठ्या शहराबाहेरच्या गटाला अनुदानाइतकीच चालवण्याची विद्या लागते, ही त्यामागची जाण होती. ठाण्यात रत्नाकर मतकरी यांनी अखेरच्या वर्षांत ‘वंचितांचा रंगमंच’ या उपक्रमातून वस्त्यांतील मुलांनाच आपल्या अनुभवांच्या नाटिका लिहायला व करायला लावल्या, आणि त्यांच्यासाठी लिहिण्याचा मोह आवरला, हे बालनाट्यात हयात घालवलेल्या लेखकाच्या बाबतीत विशेष म्हणावे लागेल. ब्रिटनमध्ये मायकेल क्रॉफ्ट यांनी 1956 साली सुरू केलेल्या राष्ट्रीय युवा रंगभूमीपासून तेथील युवा नाट्यसंस्थांचा मोठा विस्तार झाला, आणि आज त्यांपैकी कित्येकांत तरुणांचे सल्लागार मंडळ असते; तथापि सल्ला आणि मताधिकार यांत अंतर आहे, आणि ते तेथेही पुरते मिटलेले नाही.

सल्ल्यापुढे जाऊन मताधिकार द्यायचा तर त्याची वाट येथे मोकळी आहे: कर्नाटकात 1960 च्या संस्था नोंदणी कायद्यान्वये सात जण एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. गावच्या नाट्यमंडळाने या सातांपैकी तीन जागा पंचविशीच्या आतील सभासदांना दिल्या, आणि त्यांपैकी एकाकडे खजिनदारी सोपवली, तर काय बदलेल याचा अंदाज एका साध्या बाबीवरून बांधता येतो. गावोगावच्या हौशी मंडळांत तालीम रात्री जेवणे उरकल्यावर सुरू होते, कारण ती वेळ पुरुषांच्या सोयीची आहे. या वेळेमुळे गावातली मुलगी आपोआप वगळली जाते, आणि मग नायिकेच्या भूमिकेसाठी बाहेरगावची कलावती मानधन देऊन आणावी लागते, जी दोन-चार तालमींनंतर थेट प्रयोगाला उभी राहते. 1933 साली ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांना दिल्या, त्याला नऊ दशके उलटली तरी खेड्यातील मंडळाच्या खर्चात कलावतीचे मानधन हा बाहेरचा खर्चच राहिला आहे. कार्यकारिणीत महाविद्यालयात जाणारी एक मुलगी मताच्या अधिकारासह बसली, तर ती बहुधा पहिला ठराव तालीम संध्याकाळी पाच वाजता शाळेच्या वर्गात घेण्याचा मांडेल, आणि त्या ठरावाने मंडळाचा खर्च, भूमिकावाटप आणि पुढच्या वर्षी निवडायची संहिता, या तिन्ही गोष्टींना हात लागेल.