चित्रपटातील प्रतीक आणि विरोध

चित्रपटातील प्रतीकांचा विचार आपल्याकडे बहुधा कोशपद्धतीने होतो. एक वस्तू घ्यावयाची आणि तिच्यासमोर एक अर्थ लिहावयाचा. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’चे (२०१३) वाचनही असेच केले जाते: काळी चिमणी म्हणजे अप्राप्य स्वप्न, डुक्कर म्हणजे कलंक. ही पद्धती अपुरी आहे.

‘पळ’ आणि ‘बळ’ यांतील अर्थभेद प-ब या ध्वनींच्या विरोधावर उभा असतो. सुटा ध्वनी काहीच सांगत नाही. दृश्यासही हेच तत्त्व लागू पडते. जब्याचे कुटुंब काठीला बांधलेले डुक्कर घेऊन शाळेच्या भिंतीवरून जाते. भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई फुले आदींची चित्रे आहेत. चित्रे एकटी पाहिली तर आदर दिसतो. डुक्कर एकटे पाहिले तर उपजीविका. दोन्ही एका चौकटीत आली म्हणजे भिंतीवरील आदर आणि भिंतीखालील वागणूक यांतील अंतर हाच अर्थ होतो. राष्ट्रगीताच्या प्रसंगीही माणसे निश्चल उभी राहतात आणि डुक्कर तेवढे मोकळे असते. शीर्षकाचा कैकाडी शब्दही असाच आहे. घरात तो प्राण्याचे नाव, गावातील पोरांच्या तोंडी शिवी.

अखेरीस जब्याचा दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो. आतापर्यंत चौकटीत असलेला विरोध येथे पडदा आणि प्रेक्षक यांच्यात उभा राहतो. त्या दगडासमोर ‘विद्रोह’ एवढाच शब्द लिहिणारा अभ्यासक वस्तुतः स्वतःस त्यातून सोडवून घेत असतो.