थॉम्पसन यांच्या चुका काढणं सोपं आहे

मायकेल को यांचं 'ब्रेकिंग द माया कोड' (१९९२) मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा एमएस्सीला असताना, निव्वळ गोष्ट म्हणून. दुसऱ्यांदा पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी, आणि तेव्हा काही गोष्टी खटकल्या. रिसर्चला यायचं असेल तर हे पुस्तक वाचाच, पण कुठे खटकलं तेही सांगतो.

आधी गोष्ट. १६व्या शतकात युकातानमध्ये दिएगो दे लांदा या धर्मगुरूने माया लेखनिकाकडून स्पॅनिश मुळाक्षरं लिहून घेतली. त्यातल्या एका अक्षराचं नाव 'बे'. लेखनिकाने चक्क वाटेवरचं पाऊल काढलं, कारण युकातेक भाषेत 'बे' म्हणजे रस्ता! ही यादी कामाची नाही असंच बरीच वर्षं धरलं गेलं.

१९५२ मध्ये लेनिनग्राडच्या युरी क्नोरोझोव्ह यांनी मांडलं की ही चिन्हं आपल्या 'कु', 'लु'सारखी आहेत: व्यंजन आणि स्वर एकत्र. माया हस्तलिखितात टर्की पक्ष्याच्या चित्रावर दोन चिन्हं आहेत. पहिलं लांदाच्या यादीतलं 'कु'. युकातेकमध्ये टर्की म्हणजे 'कुत्स', मग दुसरं 'त्सु' असणार. शेवटचा स्वर लिहायचा, बोलायचा नाही. आपण 'घर' म्हणताना शेवटचा 'अ' गिळतो, तसंच काहीसं. आता पडताळा बघा. कुत्र्याच्या चित्रावर पहिलं चिन्ह तेच 'त्सु', दुसरं लांदाचं 'लु'. 'त्सुल' म्हणजे कुत्रा. एका शब्दावरून काढलेला अंदाज दुसऱ्या शब्दात टिकला.

त्या काळातले सर्वांत वजनदार माया अभ्यासक एरिक थॉम्पसन यांनी हे शेवटपर्यंत मानलं नाही. को त्यांना जवळजवळ खलनायकच करतात. इथे माझा पहिला आक्षेप. को या भांडणात तटस्थ नव्हते. क्नोरोझोव्ह यांच्या लेखनाचं १९६७चं इंग्रजी भाषांतर त्यांच्या पत्नी सोफी को यांनीच केलं होतं. शिवाय क्नोरोझोव्ह यांची बरीच वाचनं खरोखरच चुकली होती आणि थॉम्पसन नेमकं त्यावरच बोट ठेवत होते. त्यांची गफलत पुढच्या पायरीवर झाली: वाचनं चुकली म्हणून त्यांनी पद्धतच मोडीत काढली. हा मुद्दा पुस्तकात हवा तितका ठसत नाही, आणि आपल्याला शिकायचं तर नेमकं तेच आहे.

हे मला टोचलं, कारण मीही तेच केलंय. लॅब मीटिंगमध्ये एका ज्युनिअरच्या डेटामधले दोन चुकीचे पॉइंट दाखवून मी तिचं अख्खं मॉडेल उडवलं होतं. पॉइंट चुकीचे होतेच, पण मॉडेल बरोबर होतं. आज मी तेच वापरतो.

दुसरा आक्षेप असा की माया कुळातल्या सुमारे ३० भाषा आजही ग्वाटेमाला, मेक्सिको आणि बेलीझमध्ये बोलल्या जातात, पण पुस्तकात त्या बहुतेक वेळा लिपीच्या किल्ल्या म्हणूनच येतात. पुस्तक निघालं त्याच्या दोनच वर्षं आधी ग्वाटेमालात माया भाषांच्या अकादमीला कायद्याने मान्यता मिळाली होती. त्या बोलणाऱ्यांची बाजू फार थोडी ऐकू येते.

तरीही वाचा. आणि पुढचा पेपर वाचताना दोन रकाने करा: 'निष्कर्षातल्या चुका' आणि 'पद्धतीतल्या चुका'. दुसरा रकाना रिकामा असेल, तर पेपर फेकू नका.