यंत्राला तेल कुणी घातलं?

एच. जी. वेल्सची ‘द टाइम मशीन’ मी रात्रपाळी सुटल्यावर वाचली. डिक्शनरी मांडीवर घेऊन, अडखळत. १८९५ सालची ही कादंबरी. तिचा नायक काळातून प्रवास करतो. त्याला नाव नाही. पण घर आहे, नोकर आहेत, गुरुवारी जेवायला येणारे पाव्हणे आहेत. तो यंत्रावर बसतो, दांडा दाबतो आणि ८,०२,७०१ सालात उतरतो.

तिथं माणसाच्या दोन जाती झाल्यात. विज्ञानातला हा ‘जाती’ शब्द आपल्याला फोडून सांगावा लागत नाही. वर उजेडात इलॉय: नाजूक, फळं खाणारे, कामाला हात न लावणारे. खाली जमिनीत मॉर्लॉक: यंत्रं चालवणारे. नायकाचा तर्क असा, की भांडवलवाला आणि मजूर यांच्यातलं अंतर वाढत जाऊन हे झालं. इलॉयच्या अंगावरचं कापडसुद्धा मॉर्लॉकच पुरवत असावेत.

वेल्सला हे ऐकून माहीत नव्हतं. त्याची आई एका बड्या वाड्यात नोकरीला होती. तो स्वतः पोरवयात कापडाच्या दुकानात राबला. म्हणून तर मला त्याचा जास्त राग येतो.

कारण नायकाची माया वरच्यांवर. बुडणाऱ्या वीनाला तो वाचवतो, तिचं नाव आपल्याला सांगतो. मॉर्लॉकांपैकी एकालाही नाव नाही, त्यांच्या तोंडी एक वाक्य नाही. ते इलॉयना मारून खातात, हे खरं, आणि मी त्याची वकिली करत नाही. पण त्यांचं कारण समजलेल्या माणसाचे हात त्यांना ठेचायला एवढे का शिवशिवावेत?

शेवटाकडे एक बारकी गोष्ट येते. मॉर्लॉकांनी पळवलेलं यंत्र नायकाला परत मिळतं, ते स्वच्छ पुसलेलं, तेल घातलेलं. त्याला नवल वाटतं. आपल्या अंधुक बुद्धीनं त्यांनी ते खोलूनही बघितलं असावं, असा अंदाज करून तो पुढं जातो.

मी तिथंच थांबलो. खात्यात नवं यंत्र आलं की आम्ही हेच करतो. पुसतो, तेल कुठं जातं ते बघतो, साहेब नसताना एखादा नट सैल करतो. मी साचा असाच शिकलो. इंग्रजीही अशीच, खोलून खोलून.

त्या तेलकट हातांची गोष्ट वेल्सनं लिहिली नाही. ती अजून लिहायची राहिलीय.