वस्तूंचे व्याकरण : जेम्स डीट्झ यांच्या ग्रंथाचा विचार

सतराव्या-अठराव्या शतकांत न्यू इंग्लंडमधील एखादा गृहस्थ मरण पावला की शेजारची दोन-तीन जाणती माणसे त्याच्या घरात जाऊन चीजवस्तूंची यादी करीत आणि प्रत्येक जिनसेपुढे तिची किंमत मांडीत. अशा एका यादीत, नजरेतून सुटलेल्या किरकोळ वस्तूंपोटी एकगठ्ठा रक्कम लिहिलेली आढळते. जेम्स डीट्झ यांच्या 'इन स्मॉल थिंग्ज फरगॉटन' या १९७७ च्या ग्रंथाचे नाव त्या नोंदीवरून आले आहे. लेखनाने ज्याची दखल घेतली नाही ते वस्तूंकडून वदवून घ्यावयाचे, हा ग्रंथाचा संकल्प नावातच प्रकट होतो. १९९६ मध्ये त्याची वाढविलेली आवृत्ती निघाली. नजीकच्या भूतकाळाचे पुरातत्त्व शिकू इच्छिणाऱ्याने तो वाचावाच. तथापि भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने तो वाचताना अधिक सावध असावे. कारण डीट्झ यांची पद्धती भाषाशास्त्राकडून उसनवारीने घेतलेली आहे. १९६७ च्या 'इन्व्हिटेशन टु आर्किऑलॉजी' या पुस्तकात त्यांनी स्वनिम व रूपिम यांच्या धर्तीवर वस्तूंच्या घटकांसाठी स्वतंत्र संज्ञाही घडविल्या होत्या. त्या संज्ञा फारशा रुजल्या नाहीत. त्यांमागील कल्पना मात्र टिकून राहिली.

ग्रंथातील सर्वांत भक्कम विवेचन थडग्यांवरील शिळांचे आहे. एडविन डेथलेफ्सन यांच्या समवेत डीट्झ यांनी मॅसॅच्युसेट्समधील जुन्या दफनभूमी तपासल्या. तेथे प्रथम पंख असलेली कवटी, मग पंख असलेला देवदूताचा चेहरा आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपासून अस्थिकलश व विलो वृक्ष, अशी चिन्हे क्रमाने येतात. एक चिन्ह हळूहळू वाढते, ऐन भरात येते व ओसरते. तोवर दुसरे डोके वर काढीत असते. भांड्यांच्या शैलींवरून कालक्रम लावताना पुरातत्त्वज्ञ ज्या गृहीताचा आधार घेतात, ते येथे प्रत्यक्ष पडताळता आले, कारण प्रत्येक शिळेवर मृत्यूचे वर्ष कोरलेले आहे. केंब्रिजसारख्या विद्याकेंद्रात देवदूत लवकर अवतरतो, आडगावी उशिरा. बोलीभूगोलाच्या नकाशांशी परिचय असलेल्याला हे चित्र ओळखीचे वाटेल.

याहून लक्षणीय बाब शिळेवरील मजकुराची आहे. कवटीच्या काळात मजकूर 'येथे अमुक निजला आहे' अशा वळणाचा असतो. देवदूताच्या काळात 'अमुकाचा देह' निजतो. कलश-विलोच्या काळात केवळ 'अमुकाच्या स्मरणार्थ' एवढेच उरते. माणूस, मग त्याचा देह, मग त्याची आठवण! एकाच दगडावर चित्र व वाक्य शेजारी असल्यामुळे एकाच्या अर्थनिर्णयावर दुसऱ्याचा अंकुश राहतो. असा अंकुश ग्रंथात अन्यत्र क्वचितच लाभतो, आणि तेथेच अडचणीला प्रारंभ होतो.

वस्तूंत नियमितता आढळली म्हणजे तिच्यामागे व्याकरण असलेच पाहिजे असे नाही. मातीच्या चिलमींचे उदाहरण पुरेसे आहे. जे. सी. हॅरिंग्टन यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले की, इंग्रजी चिलमींच्या दांडीचे छिद्र सुमारे १६०० पासून १८०० पर्यंत इंचाच्या ९/६४ पासून ४/६४ पर्यंत अरुंद होत गेले. ल्यूइस बिन्फर्ड यांनी १९६२ मध्ये त्यावरून कालनिश्चितीचे गणिती सूत्रच बसविले. नियमितता इतकी काटेकोर, पण त्या छिद्रातून कोणाला काही सांगावयाचे नव्हते.

घरांच्या बाबतीत व्याकरणाची कल्पना अधिक रास्त ठरते. हेन्री ग्लासी यांनी १९७५ मध्ये व्हर्जिनियाच्या मध्यभागातील ग्रामीण घरांचे असे व्याकरण लिहिले की, मूळ चौरसापासून आरंभ करून थोड्या नियमांनी त्या प्रदेशातील घरांचे आराखडे सिद्ध व्हावेत. मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. आपल्याकडेही घर खणांत मोजतात; 'पाच खणी घर' म्हटले की सुताराला आकार कळतो. कारागिराच्या मनातील ही जाण अबोध असते व तिच्यातून नवी घरे निर्माण होत राहतात. बोलणाऱ्याच्या भाषाज्ञानाशी तिचे साम्य खरे आहे.

परंतु डीट्झ येथे थांबत नाहीत. १७६० च्या सुमारास घरे सममित झाली, सामाईक पात्रातून जेवणाऱ्यांपुढे स्वतंत्र ताटल्या आल्या, भांडी पांढरी झाली, थडग्यांचे दगडही पांढरे झाले. या सर्वांमागे ते समतोल व व्यक्तिनिष्ठ अशी एकच मनोरचना पाहतात. ताटलीने मात्र या सिद्धांताला हात राखून साथ द्यावी. शब्द बोलणाऱ्याच्या मुखात घडतो. ताटली घडली ती स्टॅफर्डशायरच्या भट्टीत. वेजवुड यांच्या कारखान्यातून १७६० नंतर निघालेली मलईरंगी भांडी दूरवर खपली, यात मनोरचनेचा वाटा किती आणि भाव व जहाजवाहतूक यांचा किती? शब्द उसना घेण्यास पैसे पडत नाहीत. हा भेद डीट्झ यांना ठाऊक आहे, पण त्यांच्या निष्कर्षांत त्याचे वजन पडत नाही.

हा वाद केवळ पांडित्याचा नाही, हे 'पार्टिंग वेज' या वस्तीच्या प्रकरणात दिसून येते. प्लिमथजवळच्या या ठिकाणी केटो हाऊ, प्लेटो टर्नर, प्रिन्स गुडविन व क्वामनी हे चार आफ्रिकी वंशाचे मुक्त पुरुष कुटुंबांसह राहत. चौघेही अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात लढले होते. त्यांच्याविषयी लिहिलेले जे आहे ते दुसऱ्यांनी लिहिलेले. त्यांचे स्वतःचे असे जमिनीत जे सापडेल तेवढेच. उत्खननात मिळालेली बहुतेक भांडी न्यू इंग्लंडमधील कोणत्याही घरात मिळावीत तशीच निघाली. वेगळे होते ते हे : घराच्या पायाचे माप इंग्रज परंपरेतील १६ फुटांचे नसून १२ फुटांचे, ९४ एकर जमीन असूनही घरे एकमेकांजवळ, आणि वेस्ट इंडीजमधून चिंच आणणारे मोठे तांबडे रांजण. डीट्झ यांच्या मते वस्तू इंग्रजांच्या, पण त्यांची मांडणी आफ्रिकी.

म्हणजे शब्दसंग्रह परका, व्याकरण आपले. लेलँड फर्ग्युसन यांनी १९९२ च्या 'अनकॉमन ग्राउंड' मध्ये हीच विभागणी संकरभाषांच्या आधारे उघडपणे मांडली. तिचे बळ मराठीच्या उदाहरणाने चटकन ध्यानात येते : 'चावी' व 'बादली' पोर्तुगिजांकडून आल्या, पण त्यांचे अनेकवचन 'चाव्या' व 'बादल्या' असे मराठीच्याच नियमाने होते. तरीही भाषाशास्त्राने या बाबतीत स्वतःवर घातलेले बंधन पुरातत्त्वानेही मानावयास हवे. मराठीतील 'आम्ही' व 'आपण' हा भेद द्राविडी भाषांच्या संपर्कातून आला असे सांगतात. पण हा दावा एकाच लक्षणावर उभा राहत नाही. त्या भाषांत तो भेद व्यवस्थेचा भाग आहे हे दाखवावे लागते, शेजारच्या अन्य लक्षणांचा मेळ घालावा लागतो. बारा फुटांच्या मापाला जॉन व्ह्लाक यांच्या हैती व न्यू ऑर्लीन्समधील घरांच्या अभ्यासाचा आधार आहे, हे खरे. पण आखूड तुळया स्वस्त पडतात, हे कारणही तितकेच जवळचे आहे. जवळजवळ बांधलेल्या घरांची साक्ष मापाहून मोलाची ठरते. कारण जमीन मुबलक असताना काटकसरीने तिचा उलगडा होत नाही. डीट्झ मात्र तिन्ही पुराव्यांना सारख्याच वजनाने तोलतात.

नाव देण्यातच निर्णय कसा दडलेला असतो, हे दक्षिणेकडील एका खडबडीत, हातघडणीच्या मडक्यांच्या बाबतीत घडले. १९६२ मध्ये आयव्हर नोएल ह्यूम यांनी त्यांना 'कोलोनो-इंडियन' हे नाव दिले, आणि घडविणारे मूळ रहिवासी होते हे नावातच ठरून गेले. पुढे फर्ग्युसन यांनी त्यांतील बरीच मडकी गुलाम आफ्रिकी लोकांनी घडविली असावीत असे प्रतिपादून नावातील 'इंडियन' गाळले. मडकी तीच, पण मध्यंतरी त्यांच्या संभाव्य कर्त्यांना त्यांच्या वर्णनातही जागा नव्हती.

महाराष्ट्रात असे काम करू पाहणाऱ्याला सामग्री घराच्या छपरावरच मिळेल. मंगळुरास बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला व त्याची सपाट कौले कोकणात, गोव्यात, मुंबईत सर्वत्र पोचली. त्यांपैकी अनेकांवर १८६५ हा आकडा उठविलेला असतो. तो कारखान्याच्या स्थापनेचा आहे, कौलाच्या घडणीचा नव्हे. थडग्यावरील वर्षाप्रमाणे तो वाचला तर घराचे वय चुकते. त्याखालचे खण जुन्या मापाचे राहिले की नव्या कौलांसाठी वासे-रिपांची मांडणी बदलताना तेही बदलले, हे घरोघर फूटपट्टी लावून पाहावे लागेल. नळीची कौले पावसाळ्यापूर्वी दरसाल उतरवून पुन्हा लावावी लागत. मंगलोरी कौलांनी ते काम पुष्कळच कमी केले. 'शाकारणी' हा शब्द कोणत्या गावात अजून कामाचे नाव म्हणून बोलला जातो आणि कोणत्या गावात केवळ वृद्धांच्या तोंडी उरला आहे, याचा नकाशा कौलांच्या नकाशाशेजारी ठेवून पाहण्याजोगा आहे.