सूर, पेशी आणि रूपक : 'बायोफिलिया'चे परीक्षण

जीवशास्त्र आणि संगीत यांचा मेळ घालणारे प्रयोग बहुधा एकाच ठिकाणी अडखळतात. विज्ञान गाण्याच्या विषयापुरते उरते. गाण्याच्या घडणीत ते उतरत नाही. आइसलँडची गायिका-संगीतकार ब्यॉर्क हिचा 2011 सालचा 'बायोफिलिया' हा प्रकल्प या कसोटीवर तपासण्याजोगा आहे. दहा गाणी, त्यांची ॲप, ॲनिमेशन, खास घडविलेली वाद्ये आणि रंगमंचीय प्रयोग असे त्याचे स्वरूप होते. पहिले प्रयोग मँचेस्टरच्या महोत्सवात झाले.

'व्हायरस' या गाण्यात विषाणू आणि पेशी यांचे नाते प्रेमकथा म्हणून मांडले आहे. उर्दू गझलेच्या वाचकाला येथे शमा-परवाना आठवल्यावाचून राहणार नाही. मात्र परवाना स्वतः जळतो. विषाणू पेशीची यंत्रणा ताब्यात घेऊन आपल्या प्रती काढतो आणि पुष्कळदा पेशीच नष्ट होते. शिवाय विषाणूला ओढ नसते. पेशीवर जुळणारा रेणू असेल तरच तो तिला चिकटतो. कोविडच्या महासाथीनंतर तर हे रूपक निरागसपणे ऐकणे कठीण आहे.

तरीही याच गाण्याचे ॲप प्रकल्पातील सर्वांत समर्थ भाग ठरते. त्यातील खेळात विषाणूंना रोखले की गाणे थांबते; ते पुढे ऐकायचे तर पेशीचा पराभव पत्करावा लागतो. पेशीवाचून विषाणूची वाढ नाही, हे तत्त्व येथे कोणी सांगत नाही. ते श्रोत्याच्या हाताला आणि कानाला कळते.

'हॉलो'चे ॲनिमेशन मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेतील ड्रू बेरी यांचे आहे. गाणे पूर्वजांच्या साखळीविषयी, तर चित्रण डीएनएच्या जगाचे. डीएनएची रुंदी सुमारे 2 नॅनोमीटर, तर दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे 400 ते 700 नॅनोमीटर. म्हणजे पडद्यावरचे रंग केवळ संकेत आहेत, आणि ते मान्य करता येतात. खरी अडचण शिस्तीची आहे. रेणू ठरवून कामाला लागल्यासारखे भासतात. प्रत्यक्षात ते उष्णतेमुळे सतत एकमेकांवर आदळत असतात आणि त्या गोंधळातूनच काम साधते.

रंगमंचावर ही उणीव अधिक जाणवते. लंबकाच्या हार्पमध्ये गुरुत्वाकर्षण स्वतःच स्वर छेडते. टेस्ला कॉइलची ठिणगीच नाद होते. भौतिकशास्त्राला असे वाद्य लाभले. पेशी मात्र पडद्यावरच राहिली.

म्हणून वर्गात 'हॉलो' दाखवून थांबणे पुरेसे नाही. चित्र कोठे खरे आहे आणि कोठे सोयीचे, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवला, तरच त्या सौंदर्याचा अभ्यासाला उपयोग होईल. 'व्हायरस'च्या बाबतीत हाच प्रश्न रूपकाला विचारावा. तेथे भाषेच्या आणि जीवशास्त्राच्या शिक्षकांना एकच तास मिळून घेता येईल.