पावडर कुणी उडवली?

काळी पार्श्वभूमी, हवेत झेपावलेली नर्तकी आणि तिच्याभोवती फुटलेला पांढऱ्या पावडरचा ढग. इन्स्टाग्रामवर असा फोटो आला की माझाही अंगठा थांबतो. थांबल्यावर मी हल्ली एकच प्रश्न विचारते: ही पावडर कुणी उडवली?

प्रश्न फालतू वाटेल, म्हणून आधी हा फोटो निघतो कसा ते पाहू. स्टुडिओत जवळपास अंधार असतो. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाचा शंभरावा-दोनशेवा भाग उघडं राहतं. तेवढ्या वेळात जोरात फिरणारा हात धूसर व्हायला हवा. तो होत नाही, कारण स्ट्रोबचा लखलखाट त्याहून कितीतरी कमी वेळ टिकतो, सेकंदाचा दोन हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी. गती गोठवतो तो हा प्रकाश. तो बाजूने किंवा मागून आला की पिठाचा कण न् कण उजळतो. समोरून आला तर नुसता मळकट धुरळा दिसतो.

स्ट्रोबचा हा वापर एमआयटीतल्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी 1930च्या दशकात पुढे नेला. त्याच वाटेने गेलेल्या ग्योन मिली यांनी एकाच फ्रेमवर अनेक लखलखाट पाडले, त्यामुळे नर्तकीचे हातपाय कुठून कुठे गेले तो सगळा प्रवास दिसायचा. पुढे न्यूयॉर्कच्या लोइस ग्रीनफील्ड यांनी एका लखलखाटावर भिस्त ठेवली. एक लखलखाट म्हणजे एकच क्षण. त्याच्या मागचं-पुढचं सगळं गायब.

पावडरीचं खरं काम इथे सुरू होतं. हात पुढे गेला, पण मघाशी तो जिथे होता तिथे पीठ अजून तरंगतंय. म्हणजे एकाच लखलखाटात आपल्याला आधीचा क्षणही वाचता येतो. पण त्यासाठी ती पावडर नर्तकीच्याच मुठीतून, केसांतून, घागऱ्याच्या घेरातून उडायला हवी. फ्रेमबाहेरून सहाय्यकाने वाडगं भिरकावलं असेल, तर तो ढग सहाय्यकाच्या हाताबद्दल सांगतो, नाचाबद्दल नाही.

मराठी डोळ्याला हा फरक शिकवावा लागू नये. सोमवतीच्या जेजुरीच्या फोटोत पिवळा ढग दिसतो, तेव्हा त्याच्याखाली वर गेलेल्या मुठीही दिसतात. भंडारा आणि हात ही एकच हालचाल असते.

एक चाचणी करून बघा. फोटोतली नर्तकी अंगठ्याने झाका. उरलेल्या ढगावरून ती कुठे वळली, कुठून आली याचा अंदाज येतो का? मग ढग झाका. नुसत्या शरीरात नाच उरतो का? माझ्या पाहण्यातले बरेच फोटो दोन्हीकडे नापास होतात: पोझ देऊन उभी असलेली मुलगी आणि मागे सुटा धुरळा. ग्रीनफील्ड यांच्या 1992च्या ‘ब्रेकिंग बाउंड्स’ची पानं याच्या शेजारी ठेवा. तिथे बहुतेकदा पावडर नाहीच. नर्तक ठरलेल्या नृत्यातला तुकडा करत नाहीत, कॅमेऱ्यासमोर नवं काही शोधतात. फोटो कापून-छाटून घेतलेला नसतो. माणूस वर चाललाय की कोसळतोय, ते ठरवता येत नाही आणि आपण बघत राहतो.

आणि पावडर फुकट मिळत नाही, तिची किंमत नर्तकी मोजते. पीठ जमिनीवर पडलं की पाय घसरतो, आणि तिला तर त्याच जमिनीवर पुन्हा पुन्हा उडी मारायची असते. धूळ डोळ्यांत आणि छातीत जाते. हवेत पसरलेलं स्टार्च पेटही घेतं: तैवानमध्ये 27 जून 2015 रोजी एका पार्टीत उधळलेल्या रंगीत पावडरीने पेट घेतला आणि 15 जणांचा जीव गेला. एवढं सोसूनही फोटोखाली अनेकदा नाव असतं ते फक्त फोटोग्राफरचं.

म्हणून माझी अपेक्षा साधी आहे. पावडर वापरायची तर ती नाचणाऱ्याच्या हातात द्या, खोली हवेशीर ठेवा, आसपास आग नको, आणि फोटोखाली तिचंही नाव लिहा. एवढं केल्यावरही ढगाशिवाय फोटो उभा राहत नसेल, तर तो टाकून द्या आणि तिला पुन्हा नाचू द्या.