ओबडधोबड म्हणजे अस्सल?

आता झुनी लोकांच्या फेटिश-माळांकडे येऊ. न्यू मेक्सिकोतले हे कारागीर दगड-शिंपल्यांतून इवले पक्षी, अस्वलं कोरून माळेत ओवतात. काही संग्राहक म्हणतात, ओबडधोबड ती अस्सल, सुबक ती परदेशी नक्कल. मला हा निकष कारागिराचा अपमान वाटतो. लीक्या देयुसे (१८८९–१९६६) यांचं काम बघा: तपशील मोजके, पण हात पक्का! स्वस्त नकलेत सगळे पक्षी एका साच्यातले, कधी दगडाऐवजी प्लॅस्टिक. ते ओळखता येतं. चांगली नक्कल मात्र डोळ्यांना फसवते. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने खोट्या ओळखीने विकणं गुन्हा ठरतो. तेव्हा घडवणाऱ्याचं नाव आणि जमात विचारा, पावतीवर लिहून घ्या. नाव पुसलं, की त्याची मजुरीही बुडते.